नावांच्या यादीपासून उपचारापर्यंत : कर्करोगातील देशोदेशींच्या तफावतीचा इतिहास

प्रास्ताविक

उर्दूत ज्या आजाराला 'सरतान' म्हणतात त्यालाच मराठीत 'कर्करोग' म्हणतात. दोन्ही शब्दांच्या मुळाशी खेकडा आहे. अरबीतील सरतान, संस्कृतातील कर्क आणि ग्रीकमधील कार्किनोस ही एकाच प्राण्याची नावे होत. राशिचक्रातील कर्क राशीलाही उर्दूत बुर्ज-ए-सरतान असेच म्हणतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांत अशा गाठींसाठी 'अर्बुद' हा शब्द येतो. या दोन्ही भाषा शिकविताना हा शब्दांचा मेळ मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. या आजाराच्या इतिहासाकडे वळण्याचे कारण मात्र भाषेचे नाही, घरचे आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या खालाअम्मांना स्तनात गाठ जाणवली. सीमाभागातल्या एका लहान गावात त्या राहत. लाजेपोटी त्यांनी जवळजवळ वर्षभर ती गोष्ट सुनेलाही सांगितली नाही. नंतर गावातल्या एका डॉक्टरांनी न तपासताच मलम दिले. शहरातल्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत आजार हाडांत उतरला होता आणि पुढे चौदा महिन्यांत त्यांचा इंतकाल झाला. त्याच सुमारास आमच्या नात्यातल्या, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका बाईंनाही हाच आजार झाला. त्यांना स्वतःला काहीही जाणवले नव्हते. पन्नाशी उलटल्यावर तपासणीचे बोलावणे पत्राने आले, त्या गेल्या आणि लहानशी गाठ सापडली. त्या आजही सुट्टीत नातवंडांना घेऊन आमच्याकडे येतात.

दोघींची वये जवळपास सारखी आणि आजारही एकच, परंतु शेवट इतका वेगळा का झाला? "तिकडचे डॉक्टर हुशार, तिकडे संशोधन पुढे गेलेले," हे उत्तर आपल्याकडे सर्रास दिले जाते. ते अपुरे आहे असे मला वाटते. त्या बाईंना पत्र आले, कारण त्यांचे नाव कोणत्यातरी यादीत होते. खालाअम्मांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवण्याची पद्धत कशी वाढली, त्या नोंदींतून देशोदेशींची तफावत कशी उघड झाली आणि ती कमी करण्याचे कोणते मार्ग अनुभवाने सिद्ध झाले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

मोजणीपूर्वीचा काळ

कर्करोग लवकर सापडला तरच इलाज होतो, हे ज्ञान आधुनिक नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीस कुर्तुबा येथील विख्यात शल्यवैद्य अबुल कासिम अल्-जहरावी याने आपल्या 'अत्-तस्रीफ' या ग्रंथात या आजाराची चर्चा केली आहे. गाठ लहान असेल आणि संपूर्ण कापून काढता येईल अशा जागी असेल, तरच शस्त्र हाती घ्यावे, असा त्याचा सल्ला होता. जुनी व मोठी झालेली गाठ आपण स्वतः बरी करू शकलो नाही, अशी प्रांजळ कबुलीही त्याने दिली आहे. इब्न सीना (९८०-१०३७) यानेही 'अल्-कानून'मध्ये सरतानाचे विवेचन केले आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या हकिमालाही वेळेचे महत्त्व ठाऊक होते. किती जणांना हा आजार होतो आणि त्यांपैकी किती वाचतात, हे कळण्याचे साधन मात्र त्याच्याजवळ नव्हते.

पुढे युरोपात काही चिकित्सक वृत्तीच्या वैद्यांनी रुग्णांच्या समूहांकडे पाहण्यास सुरुवात केली. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील रामाझिनी याने मठवासी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो, असे नोंदविले. इ. स. १७७५ मध्ये लंडनचा शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो हे दाखवून दिले. कामधंद्याचा या आजाराशी असलेला संबंध उघड करणारे हे आरंभीचे उदाहरण होय. इ. स. १८४२ मध्ये रिगोनी-स्टर्न याने व्हेरोना शहरातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत अधिक व मठवासी स्त्रियांत विरळ असल्याचे त्याला दिसले. त्यामागील विषाणूचा शोध लागून हाराल्ड झुर हाउसेन यांना नोबेल पारितोषिक मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. पण त्या शोधाचा पहिला धागा मृत्यूच्या साध्या नोंदवह्यांत होता.

फसलेल्या मोजणीतून नोंदणीकडे

मृतांची नोंद पुरेशी नाही, जिवंत रुग्णांचीही मोजदाद हवी, हा विचार विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आला. जर्मनीत १५ ऑक्टोबर १९०० या दिवशी उपचाराखाली असलेल्या सर्व कर्करोगी रुग्णांची माहिती देशभरातील डॉक्टरांकडून प्रश्नावलीद्वारे मागविण्यात आली. जवळपास निम्म्याच डॉक्टरांनी उत्तरे पाठविली आणि हा प्रयत्न फसला. इतर काही युरोपीय देशांनीही पुढील काही वर्षांत असेच प्रयत्न केले आणि त्यांनाही फारसे यश आले नाही. यातून मिळालेला धडा महत्त्वाचा होता. एका दिवसाची शिरगणती उपयोगाची नाही. नोंद अखंड ठेवली पाहिजे, आणि माहिती आपोआप येईल अशी वाट न पाहता माणूस पाठवून ती गोळा केली पाहिजे.

हा धडा हॅम्बुर्ग शहराने प्रथम गिरविला. तेथे १९२६ च्या सुमारास परिचारिका नियमितपणे रुग्णालयांत व डॉक्टरांकडे जाऊन नव्या रुग्णांची नावे टिपून आणू लागल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डॉ. जॅनेट लेन-क्लेपन यांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या ५०० व न झालेल्या ५०० स्त्रियांची तुलना करून एक अहवाल प्रसिद्ध केला. रोगी व निरोगी अशा दोन गटांची तुलना करण्याच्या पद्धतीचा तो पाया समजला जातो. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने १९४१ मध्ये नोंदणी सुरू केली आणि १९३५ पर्यंत मागे जाऊन नोंदी पूर्ण केल्या.

संपूर्ण देशाची नोंदणी प्रथम केली ती डेन्मार्कने. योहानेस क्लेमेसन यांच्या नेतृत्वाखालील डॅनिश कर्करोग नोंदणीत १९४२ पासूनचे रुग्ण आहेत. या वेळी डेन्मार्क जर्मन लष्कराच्या ताब्यात होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. युद्धाच्या धामधुमीतही एका लहान देशाने आपल्या रोग्यांची नावे लिहून ठेवण्याचे काम हाती घेतले. पुढे नॉर्वे, फिनलंड, आइसलंड आणि स्वीडन या देशांनीही १९५० च्या दशकात राष्ट्रीय नोंदणी सुरू केली. डेन्मार्कमध्ये १९६८ मध्ये प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक मिळाल्यावर निदानापासून मृत्यूपर्यंत रुग्णाचा माग ठेवणे सोपे झाले. १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली फ्रान्समधील लियाँ येथे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था स्थापन झाली आणि पुढील वर्षापासून पाच खंडांतील नोंदणी केंद्रांचे आकडे एकत्र छापले जाऊ लागले.

मुंबईचा वारसा

या सर्व घडामोडींत भारत रिकाम्या हातांनी उभा होता असे समजण्याचे कारण नाही. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या आजारपणातील अनुभवातून सर दोराबजी टाटा यांना जे सुचले, त्याची परिणती २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू होण्यात झाली. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. १९४५ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या निबंधात, कमरेला धोतर घट्ट बांधण्याच्या सवयीमुळे कातडीला होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये संघवी, राव व खानोलकर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तंबाखू चघळणे व ओढणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यात मुंबईतील रुग्णांच्या आधारे मांडला होता.

मुंबईसारख्या अनेकधर्मी शहरात या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक होता. मुस्लिम पुरुषांत लिंगाचा कर्करोग अत्यंत विरळ होता आणि मुस्लिम स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण हिंदू स्त्रियांपेक्षा कमी होते. पुरुषांच्या सुंतेशी याचा संबंध जोडला गेला. आपल्याकडे या निष्कर्षाचा उल्लेख पुष्कळदा अभिमानाने होतो. परंतु तो किती जणांना आजार होतो याविषयी आहे, झाल्यावर किती जण वाचतात याविषयी नाही. आजार कमी म्हणून तपासणीची गरज नाही, असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. शिवाय स्तनाच्या आणि तोंडाच्या कर्करोगाबाबत सुंतेपासून कोणतेही संरक्षण मिळत नाही.

१९६३ मध्ये डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईची लोकसंख्याधारित नोंदणी सुरू केली. भारतातील ही पहिली नोंदणी होय. येथेही हॅम्बुर्गप्रमाणेच कर्मचारी रुग्णालयोरुग्णाली फिरून नावे गोळा करीत. १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि बंगळूर व मद्रास ही शहरे त्यात आली. आता देशभर अशी अनेक केंद्रे आहेत. तरीही बहुसंख्य भारतीय जनता अजून कोणत्याही लोकसंख्याधारित नोंदणीच्या कक्षेबाहेरच आहे.

तुलनेचा आरसा : इंग्लंड आणि डेन्मार्क

नोंदणी जुनी झाली की तिच्यातून नवा प्रश्न विचारता येतो : निदानानंतर पाच वर्षांनी किती रुग्ण हयात आहेत? हाच प्रश्न अनेक युरोपीय देशांच्या नोंदींना एकाच पद्धतीने विचारण्याचे काम इटलीतील संशोधकांच्या पुढाकाराने 'युरोकेअर' या प्रकल्पाने केले. १९७८ ते १९८५ या काळात निदान झालेल्या रुग्णांविषयीचा त्याचा पहिला अहवाल १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्षांनी दोन देशांना धक्का बसला. एक इंग्लंड, जेथे सर्वांना मोफत उपचार देणारी आरोग्यसेवा १९४८ पासून होती. दुसरा डेन्मार्क, ज्याची नोंदणी सर्वांत जुनी होती. दोन्ही देशांत अनेक प्रकारच्या कर्करोगांत जगण्याचे प्रमाण शेजारी देशांपेक्षा कमी होते.

या दोन्ही देशांत संशोधनाची वाण नव्हती. तंबाखू व फुप्फुसाचा कर्करोग यांच्यावरील १९५० सालचे डॉल आणि हिल यांचे प्रसिद्ध काम इंग्लंडमध्येच झाले होते. उणीव होती ती रुग्ण डॉक्टरकडे जाण्यापासून उपचार सुरू होईपर्यंतच्या काळात. इंग्लंडमध्ये १९९५ च्या कॅल्मन-हाइन अहवालाने विशेषज्ञ केंद्रांची शिफारस केली. २००० च्या कर्करोग योजनेने संशयित रुग्णाला दोन आठवड्यांत विशेषज्ञाने पाहावे, अशी मुदत घातली. डेन्मार्कने २००० व २००५ मध्ये योजना आखल्या आणि २००७ मध्ये कर्करोगाचा संशय ही तातडीची बाब मानण्याचे ठरविले. त्यानंतर प्रत्येक प्रकारच्या कर्करोगासाठी तपासणी, निदान व उपचार यांचे ठरावीक टप्पे आणि दिवस आखून दिले गेले.

याचा परिणाम पुढे मोजला गेला. १९९५ ते २०१४ या काळातील सात श्रीमंत देशांच्या नोंदींची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वच देशांत सुधारणा दिसली आणि डेन्मार्कची प्रगती विशेष उठून दिसली. इंग्लंडमध्येही सुधारणा झाली, पण तो देश मागेच राहिला. तेथे उपचार ६२ दिवसांत सुरू व्हावेत अशी जी मुदत ठरली होती, ती २०१५ नंतर सातत्याने पाळली गेलेली नाही. म्हणजे नियम एकदा केला की काम संपत नाही, तो दरवर्षी पाळावा लागतो. या साऱ्यात नोंदणीचे मोल असे की आपण मागे आहोत हे डेन्मार्कला शेजाऱ्यांकडून ऐकावे लागले नाही, स्वतःच्या वह्यांतून कळले.

आकडे फसवितात तेव्हा

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पाच वर्षे जगण्याचे प्रमाण वाढले म्हणजे मृत्यू कमी झालेच, असे नाही. समजा, एखादा रुग्ण ठरावीक तारखेलाच मरणार आहे. त्याचे निदान तीन वर्षे आधी झाले तर तो 'निदानानंतर' तीन वर्षे अधिक जगला असे कागदावर दिसेल. त्याचे आयुष्य मात्र एका दिवसानेही वाढलेले नसेल.

दक्षिण कोरियाचे उदाहरण बोलके आहे. तेथे सरकारी तपासणीच्या जोडीला थोडे पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी करून घेण्याची प्रथा पडली. परिणामी १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान पंधरापट वाढले. त्याने होणारे मृत्यू मात्र जवळपास तितकेच राहिले. ज्या सूक्ष्म गाठींनी आयुष्यभर त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. हा प्रकार २०१४ मध्ये उघडकीस आल्यावर शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने घटली. तसेच २०१० मध्ये व्हॅलेरी बेरल व रिचर्ड पेटो यांनी ब्रिटनच्या नोंदींतील त्रुटींवर बोट ठेवून त्या देशाचे आकडे आहेत त्यापेक्षा वाईट दिसत असावेत, असा आक्षेप घेतला होता. म्हणून जगण्याच्या प्रमाणाबरोबर मृत्यूचे प्रमाण आणि निदानाच्या वेळची अवस्था अशी तिन्ही माहिती एकत्र पाहावी लागते.

ही सावधगिरी बाळगूनही जगातील दरी डोळ्यांआड करता येत नाही. ७१ देशांतील ३२२ नोंदणी केंद्रांच्या तीन कोटी ७५ लाख रुग्णांवर आधारित 'कॉन्कॉर्ड-३' हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१०-१४ मध्ये निदान झालेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगानंतर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण अमेरिकेत ९०.२ टक्के, ऑस्ट्रेलियात ८९.५ टक्के, तर भारतात ६६.१ टक्के होते. भारताचा हा आकडा मोजक्याच केंद्रांवर आधारलेला आहे. जिथे नोंदणीच नाही त्या खेड्यांतील बायकांची गत त्यात आलेली नाही. २०२२ साठीच्या जागतिक अंदाजांनुसार भारतात सुमारे १४ लाख नवे रुग्ण व सुमारे ९ लाख मृत्यू, तर अमेरिकेत सुमारे २४ लाख नवे रुग्ण व सुमारे ६ लाख मृत्यू होते. तिकडे रुग्ण अधिक, इकडे मृत्यू अधिक.

संशोधन कोठे, लाभ कोणाला

संशोधनातील तफावत आणि परिणामातील तफावत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरून स्पष्ट होते. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन या औषधाने अशा मुलांचा आजार तात्पुरता मागे हटतो, हे दाखविले. हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले तिचे प्रमुख यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे होते. या आजारावरील दुसरे मोलाचे औषध व्हिन्क्रिस्टिन. ते आपल्या दारात फुलणाऱ्या सदाफुलीपासून काढले जाते. म्हणजे एक संशोधक आपला आणि एक झाड आपल्या ओळखीचे. १९६० च्या दशकात अमेरिकेत अशी अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रुजली आणि पूर्वी हमखास मृत्यू मानला गेलेला हा आजार बहुतांश मुलांत बरा होऊ लागला.

आता ही औषधे नवी राहिलेली नाहीत आणि उपचाराची रीतही गुप्त नाही. तरीही कॉन्कॉर्ड-३ प्रमाणे पाच वर्षे जगण्याचे प्रमाण फिनलंडमध्ये ९५.२ टक्के, तर इक्वेडोरमध्ये ४९.८ टक्के आढळले. दोन-अडीच वर्षे चालणाऱ्या उपचारात मूल मध्येच घरी नेले जाते, जंतुसंसर्गाकडे दुर्लक्ष होते, औषध संपते किंवा बापाची मजुरी बुडते. ज्ञान समुद्र ओलांडून येते. त्यापुढची वाट मात्र प्रत्येक देशाला आपली आपण बांधावी लागते.

बार्शीचा धडा

अशी वाट बांधण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न मराठी मुलखातच झाला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे २०२३ पासूनच्या धाराशिव जिल्ह्यातील परंडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावांसाठी १९८७ मध्ये कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातील ही पहिली ग्रामीण नोंदणी. खेड्यात रुग्णालय नसते, त्यामुळे रुग्णालयात जाऊन नावे टिपण्याची रीत येथे निरुपयोगी होती. म्हणून कार्यकर्ते वर्षातून ठरावीक वेळा प्रत्येक गावात जात आणि गावकऱ्यांत बसून बोलत. कोणाला न भरणारी जखम आहे, कोणाला अंगावरून रक्त जाते, कोणाला गाठ आहे, याची चौकशी करीत. संशयित रुग्णाला बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात आणण्याची व्यवस्थाही करीत.

यातून एक अनपेक्षित फळ मिळाले. नाव लिहिण्यासाठी आलेला माणूसच लक्षणेही समजावून सांगत असल्याने, काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. हा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे नवे यंत्र आले नव्हते आणि नवे औषधही नव्हते. मोजणी करणारा गावात आला, एवढ्यानेच फरक पडला.

याच पायावर १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठी चाचणी उभी राहिली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची गावसमूहांप्रमाणे चार गटांत विभागणी करण्यात आली. संकरनारायणन, नेने व सहकाऱ्यांचा हा अभ्यास एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटात विषाणूची एकच चाचणी केली गेली तेथे आठ वर्षांत ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या, संख्येने थोड्या लहान गटात ६४. मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दुसऱ्या चाचणीत दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी केवळ व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून तपासणी केली. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. उस्मानाबादच्या अभ्यासात मात्र या साध्या पद्धतीने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

या चाचण्यांवर एक गंभीर आक्षेप घेतला गेला. पेशींच्या तपासणीने हे मृत्यू टळतात हे पाश्चात्त्य देशांत आधीच ठाऊक असताना हजारो गरीब स्त्रियांच्या एका गटाला तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय? त्या भागात एरवी कोणतीच तपासणी उपलब्ध नव्हती, असे उत्तर संशोधकांच्या बाजूने दिले गेले. या उत्तराने माझे पूर्ण समाधान होत नाही. मात्र त्या स्त्रियांच्या सहभागातून मिळालेल्या ज्ञानाचा उपयोग जगभर झाला, हे निर्विवाद आहे. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या निर्मूलनासाठी जी उद्दिष्टे ठरविली, त्यांत ७० टक्के स्त्रियांची विषाणूसारख्या अचूक चाचणीने तपासणी हे एक आहे. त्यांच्या ऋणाची पहिली फेड त्यांच्याच लेकीसुनांना ही तपासणी नियमितपणे मिळण्यात आहे.

समारोप

वरील आढाव्यातून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, देशोदेशींच्या परिणामांतील तफावतीचा मोठा भाग निदानाला लागणाऱ्या वेळेशी आणि उपचार पूर्ण होण्याशी निगडित आहे. प्रयोगशाळांची संख्या हे तिचे एकमेव कारण नाही. दुसरी, ज्या समाजाने आपले रुग्ण मोजले, त्यालाच आपली चूक कळली आणि ती सुधारता आली. डेन्मार्क हे त्याचे उदाहरण. तिसरी, यासाठी देश श्रीमंतच असावा लागतो असे नाही. बार्शीने ते कमी खर्चात करून दाखविले.

आपल्या शिक्षणसंस्थांना यातून करण्याजोगे बरेच आहे. आपल्या मुलींच्या शाळा-महाविद्यालयांतून, महिलांच्या इज्तिमांतून आणि बचत गटांतून गाठ, रक्तस्राव व तोंडातील चट्टा यांविषयी मोकळेपणाने बोलता येईल. स्त्री डॉक्टर व शिक्षिका यांनी पुढाकार घेतला तर पडद्याची अडचणही आड येणार नाही. ज्या घरात आजाराचे नाव घ्यायला माणसे कचरतात, त्या घरात ते कोणीतरी आधी उच्चारले पाहिजे.

खालाअम्मांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने' एवढेच लिहिलेले आहे. सरतान किंवा कर्करोग यांपैकी एकही शब्द त्यावर नाही. त्या राहत होत्या तो तालुका कोणत्याही नोंदणीत नव्हता. म्हणून या निबंधात आलेल्या टक्केवारीत आणि लाखांच्या आकड्यांत त्या कोठेच नाहीत. त्यांच्यासारख्या बायका जोवर नोंदीत येत नाहीत, तोवर आपल्या देशाचे आकडे पुरे म्हणता येणार नाहीत.